दुकान तुमचे, मग जबाबदारी कोणाची?

वर्ध्याच्या बाजारपेठेत जुन्या वळणाच्या काही दुकानांतून अजूनही दोन पाट्या एकाच भिंतीवर नांदताना दिसतात. पहिली पाटी महात्मा गांधींच्या नावाची. ग्राहक हा आपल्या दारी आलेला सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, आपण त्याच्यावर उपकार करीत नसून तोच आपल्याला सेवेची संधी देतो, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर असतो. हे वाक्य गांधीजींच्या लेखनात कोठेही सापडत नाही असे अभ्यासक सांगतात. पण सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे तेथे ही शंका विचारण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. दुसरी पाटी मात्र खास दुकानदाराच्या स्वतःच्या बुद्धीची असते : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ पाहुण्याचे स्वागत पहिल्या पाटीने करायचे आणि त्याची बोळवण दुसरीने, असा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

आता दुकानाला भिंत उरलेली नाही. देवळीच्या शिक्षकापासून आष्टी-कारंज्याच्या शेतकरी कुटुंबापर्यंत सर्वांच्या तळहातावर दुकान आले आहे. पण पाट्या मात्र त्याच आहेत. पहिली पाटी पडदाभर झळकते : महाबचत, महोत्सव, सत्तर टक्के सूट, उद्या सकाळी घरपोच. दुसरी पाटी पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असते. गोल बाजारातील दुकानदाराची दुसरी पाटी निदान मराठीत असे आणि ती वाचायला चष्मा लागत नसे.

ऑनलाइन खरेदीचे कोणते संकेतस्थळ चांगले, हा प्रश्न आज घराघरांत विचारला जातो. त्याची उत्तरेही ठरलेली आहेत. जेथे सूट अधिक ते चांगले, जेथे माल लवकर येतो ते त्याहून चांगले आणि ज्या वस्तूखाली चांदण्या जास्त तिच्याकडे तर डोळे मिटून जावे! ह्या तिन्ही कसोट्या विक्रेत्याने तयार करून ग्राहकाच्या हाती दिलेल्या आहेत, हे आपल्या लक्षातच येत नाही. परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढावी आणि आपण तिच्यावरून त्याला गुण द्यावेत, असा हा प्रकार आहे. ग्राहकाची खरी कसोटी एकच आहे : व्यवहार बिघडला तर उत्तर कोण देणार? ह्या एका प्रश्नावर जे संकेतस्थळ टिकेल ते चांगले. बाकी सूट आणि वेग ही दर्शनी सजावट समजावी.

गुरुजींचा हीटर

माझ्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेला माणूस. दिवाळीच्या महोत्सवी विक्रीत त्यांनी एका मोठ्या संकेतस्थळावरून पाणी तापवण्याचा विजेचा रॉड मागवला. बाजारभावापेक्षा निम्म्या किमतीत, चार चांदण्यांचा, तिसऱ्या दिवशी घरपोच. वर्ध्याची थंडी पडते डिसेंबरात, तोवर खोके माळ्यावर राहिले. डिसेंबरात रॉड बादलीत सोडला आणि पाण्याला हात लावताच गुरुजींना झटका बसला. सुदैवाने पायात रबरी चप्पल होती. रॉड नीट पाहिला तेव्हा त्यावर आयएसआय चिन्ह नव्हते. अशा उपकरणाला ते चिन्ह कायद्याने बंधनकारक आहे.

त्यांनी तक्रार केली. उत्तर आले, परतीची मुदत दहा दिवसांची होती, ती संपली. त्यांनी लिहिले, मुदतीचा प्रश्न नाही, ही वस्तू विकणेच बेकायदा आहे. उत्तर आले, आम्ही वस्तू विकत नाही, आम्ही विक्रेता आणि ग्राहक ह्यांना एकत्र आणणारा केवळ मंच आहोत, आपण विक्रेत्याशी संपर्क साधावा. विक्रेत्याचे नाव पावतीवर होते, पत्ता दूरच्या कुठल्याशा औद्योगिक वसाहतीचा होता आणि दिलेला दूरध्वनी नुसताच वाजत होता. चार दिवसांनी ते पानही संकेतस्थळावरून नाहीसे झाले. गुरुजी मला म्हणाले, “भाऊसाहेब, पैसे ज्याने घेतले तो म्हणतो मी विकले नाही, आणि ज्याने विकले तो सापडत नाही. मग मी खरेदी केली तरी कोणाकडून?”

हा प्रश्न निवृत्त मुख्याध्यापकाने विचारला असला, तरी त्याचे उत्तर देण्याची पात्रता आज देशातील भल्याभल्या कंपन्यांत नाही.

‘आम्ही केवळ मध्यस्थ’

हा बचाव नीट समजून घेतला पाहिजे, कारण ह्या व्यापाराचा सारा डोलारा त्याच्यावर उभा आहे. परकीय भांडवल असलेल्या कंपन्यांना आपल्या देशात स्वतःच्या मालाची किरकोळ ऑनलाइन विक्री करण्यास मुभा नाही. त्यांना केवळ बाजारपेठ चालवता येते, म्हणजे इतरांनी आपला माल मांडायचा आणि ह्यांनी जागेचे भाडे व दलाली घ्यायची. २०१८ साली वॉलमार्ट ह्या अमेरिकन कंपनीने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला तो ह्याच व्यवस्थेत. दुसरीकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम मध्यस्थाला इतरांच्या मजकुराच्या दायित्वातून काही अटींवर सूट देते. म्हणजे ‘मध्यस्थ’ ह्या एका शब्दाने दोन दारे उघडतात. एका दाराने परकीय भांडवल आत येते आणि दुसऱ्या दाराने जबाबदारी बाहेर जाते.

पण हा मध्यस्थ प्रत्यक्षात काय काय करतो ते पाहा. कोणती वस्तू पहिल्या पानावर दिसावी आणि कोणती चाळिसाव्या, हे तो ठरवतो. पैसे त्याच्याकडे जमा होतात. अनेकदा माल त्याच्याच गोदामात असतो, खोक्यावर त्याचेच नाव छापलेले असते आणि ते घेऊन येणाऱ्या तरुणाच्या अंगातील सदराही त्याचाच असतो. हे सारे करणाऱ्याला आपल्या बापजाद्यांनी दुकानदार हाच शब्द वापरला असता. काही निवडक विक्रेत्यांनाच झुकते माप दिले जाते ह्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट ह्यांच्या चौकशीचा आदेश दिला. तेव्हा ह्या ‘केवळ मध्यस्थां’नी चौकशीच होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. २०२१ साली त्या न्यायालयानेही चौकशी थांबवण्यास नकार दिला.

स्वयंपाकघरातील उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२१ पासून प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. कुकर फुटला तर काय होते, हे गृहिणीला सांगण्याची गरज नाही. तरीही चिन्ह नसलेले कुकर ऑनलाइन विकले जातच राहिले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनला असे २,२६५ कुकर विकल्याबद्दल एक लाख रुपये दंड केला आणि ग्राहकांना कळवून कुकर परत घेण्याचा व पैसे परत देण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात ५९८ कुकरांसाठी फ्लिपकार्टलाही तेवढाच दंड झाला. अ‍ॅमेझॉनने आदेशाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. पण ह्या प्रकरणात एक आकडा बाहेर आला, तो प्रत्येक ग्राहकाने लक्षात ठेवावा. त्या २,२६५ कुकरांच्या विक्रीवर अ‍ॅमेझॉनला मिळालेली दलाली होती ६ लाख १४ हजार रुपयांहून अधिक. कमाई सहा लाख, दंड एक लाख! ह्या हिशेबात शिक्षा कोठे आहे? हा तर व्यवसायाचा एक किरकोळ खर्च झाला.

मार्च २०२५ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने दिल्लीतील अ‍ॅमेझॉनच्या गोदामावर छापा घातला. तेव्हा आवश्यक ते प्रमाणचिन्ह नसलेल्या गीझर, मिक्सर अशा ३,५०० हून अधिक वस्तू सापडल्या, त्यांची किंमत सुमारे ७० लाख रुपये सांगण्यात आली. म्हणजे २०२२ च्या दंडाने कोणाची झोप उडाली नव्हती.

“लाखो वस्तू, हजारो विक्रेते, आम्ही तपासायचे तरी किती?” असा प्रश्न ह्यावर विचारला जातो. ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या कापसाच्या शेतात आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कीटकनाशक नियमांत दुरुस्ती झाली आणि परवानाधारकांना कीटकनाशके ऑनलाइन विकता येऊ लागली. त्या दुरुस्तीत विक्रेत्याचा परवाना तपासण्याची जबाबदारी संकेतस्थळावरच टाकली आहे. हिंगणघाट-समुद्रपूरच्या शेतकऱ्याला विकल्या जाणाऱ्या औषधाच्या बाबतीत जे शक्य मानले गेले, ते त्याच्या घरातील कुकर आणि हीटरच्या बाबतीत अशक्य कसे? ज्या कंपनीला आपण काल काय पाहिले आणि उद्या काय घेऊ हे ठाऊक असते, तिला आपल्याच गोदामातील खोक्यावर चिन्ह आहे की नाही एवढे मात्र कळू नये, हे पटण्यासारखे नाही.

नाव मोठे, खूण कोठे?

वस्तूचे वर्णन खरे आहे का, ही दुसरी कसोटी. वर्धा जिल्ह्याला ती विशेष जिव्हाळ्याची आहे, कारण येथील मातीतून आणि हातांतून निघालेल्या नावांचा बाजार आता दूर देशी मांडला जातो.

समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद प्रसिद्ध आहे. तिचा रंग आणि तिच्यातील कुरकुमीनचे प्रमाण ह्यांमुळे तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ह्या मानांकनाचा कायदा १९९९ चा आहे आणि तो सांगतो की ते नाव वापरण्याचा अधिकार त्या भूभागातील उत्पादकांचा व नोंदणीकृत वापरकर्त्यांचा आहे. मी सहज म्हणून एका संकेतस्थळावर वायगावच्या हळदीचा शोध घेतला. नाव झळकत होते, सोनेरी रंगाचे छायाचित्र होते, चांदण्याही होत्या. पण हळद कोणत्या गटाने पिकवली, नोंदणी कोणाची, हंगाम कोणता, ह्यांपैकी एक अक्षर नव्हते. ती हळद वायगावची नसेलच असे मी म्हणत नाही. ती वायगावची आहे हे कळण्याची सोय ग्राहकाला नाही, एवढेच माझे म्हणणे. आणि ही सोय नसली की नुकसान दुहेरी होते. घेणारा फसण्याची शक्यता असते, आणि ज्या शेतकऱ्याने ते नाव कमावले त्याच्या हाती काहीच लागत नाही.

खादीचे तसेच. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ ह्याच वर्ध्यात स्थापन झाला. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा ह्यांनी विकत घेणे ही नैतिक कृती मानली. वस्तू कशी आणि कोणत्या परिस्थितीत तयार झाली हे जाणून घेणे खरेदीदाराचे कर्तव्य आहे, नाहीतर त्यामागील अन्यायाचा तोही वाटेकरी होतो, असे त्यांनी मांडले. ज्या गावातून हा विचार निघाला, तेथील ग्राहकाला आज पडद्यावर ‘खादी’ हा शब्द दिसतो आणि तो विश्वासाने बोट दाबतो. २०१३ च्या खादीचिन्ह नियमांनुसार ते चिन्ह नसलेले कापड खादी म्हणून विकता येत नाही. तरी २०२० साली खादी आणि ग्रामोद्योग आयोगाला नोटिसा बजावून अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, स्नॅपडील अशा संकेतस्थळांवरील खादीच्या नावाने चाललेल्या विक्रीची १६० हून अधिक पाने काढून टाकायला लावावी लागली. आयोगाने नोटीस दिली तेव्हा पाने गेली. त्याआधी ज्यांनी खरेदी केली त्यांनी सूतगिरणीतले कापड हातसूत म्हणून घेतले असेल, तर त्यांची भरपाई कोणी केली?

श्रद्धेचाही अपवाद झाला नाही. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येत श्रीरामाच्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली. साऱ्या देशाचे डोळे तिकडे लागले असताना अ‍ॅमेझॉनवर ‘श्रीराम मंदिर अयोध्या प्रसाद’ ह्या नावाने लाडू-पेढ्यांची विक्री चालली होती. व्यापारी महासंघाच्या तक्रारीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १९ जानेवारीला कंपनीस नोटीस दिली आणि सात दिवसांत उत्तर मागितले. प्रसाद म्हणजे देवाला दाखवलेला नैवेद्य. मिठाईच्या कारखान्यातील पेढ्याला तो शब्द चिकटवणे ही ग्राहकाची फसवणूक आहेच, पण भाविकाच्या मनाशी केलेला खेळही आहे. येथेही मंचाचा पवित्रा ठरलेलाच होता : विकणारे दुसरे, आम्ही धोरणानुसार कारवाई करीत आहोत.

मग ग्राहकाने पाहायचे काय? मोठे नाव पाहायचे नाही, खूण पाहायची. विजेच्या उपकरणावर आयएसआय चिन्ह आणि त्याखालील परवाना क्रमांक. तो खरा की खोटा हे मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ह्या भ्रमणध्वनीवरील सोयीत तपासता येते. खाद्यपदार्थावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक. खादीवर खादीचिन्ह. वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे कमाल किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव हा तपशील १ जानेवारी २०१८ पासून संकेतस्थळावरही दाखवणे बंधनकारक आहे, आणि २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी मूळ देशाचा उल्लेखही सक्तीचा केला. जे संकेतस्थळ हा तपशील छायाचित्राशेजारी स्पष्ट देते त्याला गुण द्यावेत. जे तो सात पानांच्या आड लपवते त्याचे गुण तेथेच कापावेत.

चांदण्यांचा बाजार

तिसरी कसोटी अभिप्रायांची आणि किमतीची. पूर्वी शेजारीण सांगे, “त्या दुकानातली डाळ घेऊ नका, खडे निघतात.” शेजारणीला आपण ओळखत असू, डाळ तिने शिजवलेली असे. आता तिची जागा अनामिकांच्या चांदण्यांनी घेतली आहे. त्यांतील किती जणांनी वस्तू वापरली, किती जणांना अभिप्रायाचे पैसे वा भेट मिळाली आणि किती जण मुळात अस्तित्वात आहेत, हे वाचणाऱ्याला कळत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक जाहीर केले. अभिप्राय देणाऱ्याची ओळख पडताळावी, प्रतिकूल मत दडपू नये, अशी त्यात अपेक्षा आहे. पण ते पाळणे ऐच्छिक ठेवले आहे. प्रामाणिकपणा ऐच्छिक ठेवला की तो कितीजण पाळतात, हे सांगायला ज्योतिषी नको.

किमतीचा खेळ तर ह्याहून जुना. आधी भाव चढवायचा, मग तो खोडून सूट दाखवायची, ही युक्ती जत्रेतल्या फेरीवाल्यालाही ठाऊक होती. नवीन आहे तो तिचा यांत्रिक सफाईदारपणा. ‘फक्त दोन नग उरले’ असे सांगून घाई करायची. टोपलीत न मागितलेला विमा वा देणगी हळूच सरकवायची. वस्तू निवडताना एक किंमत आणि पैसे भरताना हाताळणी, वेष्टन, सुविधा ह्यांचे आकार मिळवून दुसरीच किंमत. वर्गणी घेताना एक कळ दाबायची आणि ती थांबवताना दहा पाने पालथी घालायची. केंद्रीय प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची नावानिशी यादी देऊन त्यांस मनाई केली. जून २०२५ मध्ये सर्व कंपन्यांना तीन महिन्यांत आपापली संकेतस्थळे तपासून ह्या क्लृप्त्या काढून टाकण्यास सांगितले. तपासणी ज्याची त्यानेच करायची आहे, हे येथेही विसरू नये.

म्हणून घरातील तरुणांना एक साधी सवय लावावी. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर क्षणभर थांबावे, पहिल्या पानावरील किंमत आणि ही किंमत शेजारी मांडावी आणि फरक कशाचा ते विचारावे. ज्या संकेतस्थळावर हा फरक शून्य असेल किंवा पहिल्याच पानावर सांगितलेला असेल, ते संकेतस्थळ ग्राहकाला माणूस समजते.

परतीची वाट

चौथी कसोटी सर्वांत कठीण, आणि आपल्यासारख्या जिल्ह्यांतील ग्राहक तीतच भरडला जातो. माल पोहोचवायला माणूस आडगावीही येतो. तोच माल परत न्यायची वेळ आली की पडद्यावर कधी कधी उत्तर उमटते : आपल्या पिनकोडवरून परत नेण्याची सोय नाही, आपण स्वखर्चाने पाठवावा. विकताना जो पिनकोड चालला तो परत घेताना का चालत नाही? पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला जे सहज मिळते ते आर्वीच्या ग्राहकाला मिळू नये, असा कोणता नियम आहे? किंमत तर दोघांनी सारखीच मोजलेली असते.

भाषेचे तेच. जाहिरात मराठीत, दिवाळीच्या शुभेच्छा मराठीत, खरेदीची कळही मराठीत. परतीच्या अटी आणि तक्रारीचा अर्ज मात्र पुष्कळदा इंग्रजीत. ज्या भाषेत पैसे मागता त्याच भाषेत जबाबदारीही लिहून द्या, ही मागणी भाषाभिमानाची नाही, व्यवहाराची आहे.

येथे वाचकांना ठामपणे सांगायचे आहे की कायदा आपल्या बाजूने पुष्कळ पुढे आला आहे, मागे आहोत ते आपण. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि पाठोपाठ ई-वाणिज्य नियम आले. त्यांनुसार प्रत्येक संकेतस्थळाने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क द्यायचा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे. विक्रेत्याचे नाव आणि पत्ता ग्राहकाला उपलब्ध करायचा. उत्तर न मिळाल्यास १९१५ ह्या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेथेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि नव्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाण्याचा अधिकार दिला आहे. कंपनीचे कार्यालय बंगळुरूत असो वा गुरुग्रामात, वर्ध्याचा ग्राहक वर्ध्यातच दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही आणि तक्रार घरबसल्या ऑनलाइनही दाखल होते. परतीची मुदत कंपनीने दहा दिवसांची ठेवली असेल, पण कायद्याने तक्रारीसाठी दिलेली मुदत दोन वर्षांची आहे. कंपनीने आपल्या पानावर काय लिहिले ह्याने संसदेचा कायदा रद्द होत नाही. गुरुजींनी ‘मुदत संपली’ हे उत्तर वाचून खोके पुन्हा माळ्यावर टाकले होते. त्यांना हे सांगितल्यावर ते काही वेळ गप्प बसले आणि मग पावती शोधायला उठले.

घरचा आहेर

आता थोडे आपल्याच घरात पाहू. आपल्या मंडळींत स्वदेशीचा विषय निघाला की आवाज चढतात. परकीय संकेतस्थळांवर बहिष्काराचे संदेश भ्रमणध्वनीवरून धडाधड पुढे पाठवले जातात. पण तोच भ्रमणध्वनी सणाच्या विक्रीत मध्यरात्री बारा वाजता कोणाच्या हातात असतो, हे ज्याने त्याने आठवावे. बहिष्कार म्हणजे परीक्षण नव्हे. ज्याने वस्तू तपासली नाही, तक्रार केली नाही, पावती जपली नाही, त्याच्या घोषणेला बाजार घाबरत नाही.

दुसरे असे की आपला म्हणून कोणाला सवलत देण्याचेही कारण नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारच्या पुढाकाराने ओएनडीसी हे खुले जाळे उभे राहिले, छोट्या दुकानदाराला बड्या मंचांच्या दावणीतून सोडवण्याचा तो स्वागतार्ह प्रयत्न आहे. पण तेथील विक्रेत्यालाही ह्याच चार कसोट्या लावल्या पाहिजेत. आणि गोल बाजारातील आपल्या दुकानदारालाही. सदोष माल परत घेण्यास नकार देणे आणि पावती न देणे ह्या दोन्ही गोष्टी २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवल्या आहेत. तेव्हा ती दुसरी पाटी आता भिंतीवरून उतरवायला हवी. न्यायाने सांगायचे तर आठवड्याभरात वस्तू परत करता येते, ही सवय आपल्याला ऑनलाइन दुकानांनीच लावली. कारंज्याच्या मुलीला हवे ते पुस्तक आणि आष्टीच्या आजोबांना रक्तदाब मोजण्याचे यंत्र घरी मिळू लागले तेही त्यांच्यामुळेच. ही सोय खोटी नाही. ती सोय पुढे करून जबाबदारी टाळली जाते, त्याला आमचा विरोध आहे.

ह्या जिल्ह्याला ग्राहकविचाराचा आणखी एक वारसा आहे. आर्वीत जन्मलेल्या दत्तोपंत ठेंगडींनी मजूर आणि शेतकरी ह्यांच्याइतकाच ग्राहकाचाही विचार केला. अर्थव्यवहारात राष्ट्रहिताच्या सर्वांत जवळ जाते ते ग्राहकाचे हित, अशी त्यांची मांडणी होती. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, सुधीर फडक्यांसारखे कलावंत त्या कामात उतरले. तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाही नव्हता, तो आला १९८६ साली. कायदा नसताना ती माणसे दुकानादुकानात जाऊन वजने तपासत होती. आज कायदा आहे, नियम आहेत, साहाय्य क्रमांक आहे, आणि आपण ‘जाऊ द्या, तीनशे रुपयांचा प्रश्न आहे’ म्हणून खोके माळ्यावर टाकतो. असे लाख जणांनी टाकले की तीन कोटी होतात, आणि निकृष्ट मालाचा धंदा ह्याच हिशेबावर चालतो.

शासनाकडे मागण्या चार असाव्यात. बंधनकारक चिन्ह असलेल्या वस्तूंचा परवाना विक्रीपूर्वी तपासण्याचे दायित्व कीटकनाशकांप्रमाणे संकेतस्थळांवर टाकावे. दंड दलालीच्या काही पट असावा, तिच्याहून कमी कधीच नसावा. जेथे माल पोहोचवला जातो तेथून तो विनाखर्च परत नेणे सक्तीचे करावे. आणि अटी व तक्रारीची सोय ग्राहकाच्या भाषेत असावी.

स्वतःकडे मागणी एकच. येत्या २४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, प्रत्येक घराने वर्षभरातील ऑनलाइन खरेदीच्या पावत्या काढून बसावे. ज्या वस्तूने दगा दिला तिची तक्रार त्याच दिवशी नोंदवावी, आणि शेजारच्या ज्या वृद्धाला पडद्यावरचे कळत नाही त्याचीही आपल्या हाताने लिहून द्यावी. गुरुजींची तक्रार वर्ध्याच्या जिल्हा आयोगाकडे गेली आहे. रॉडची किंमत चारशे रुपयांच्याही आत होती. पण आपण खरेदी कोणाकडून केली, ह्या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता त्या कंपनीला लेखी द्यावे लागणार आहे.